पायांकडे कोण पाहणार?

कुष्ठरोग कार्यक्रमाचा अपवाद वगळला, तर सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या नोंदवह्यांत माणसाच्या पायाची नोंद प्रामुख्याने दोन प्रसंगी होते. पहिली, तो शस्त्रक्रियेने कापला जातो तेव्हा. आणि दुसरी, त्याच्या जागी कृत्रिम पाय बसवला जातो तेव्हा. या दोन नोंदींच्या आधी दहा-वीस वर्षांचा काळ गेलेला असतो. त्या काळात नखे जाड होऊन वाढत असतात, टाचा भेगाळत असतात, तळव्याला घट्टा पडत असतो, पायाची संवेदना हळूहळू जात असते आणि अखेरीस एके दिवशी जखम होते. या काळाची दखल घेणारा रकाना आपल्या व्यवस्थेत नाही. वृद्ध, मधुमेही, कुष्ठमुक्त आणि निराधार माणसांच्या पायांची देखभाल ही सार्वजनिक जबाबदारी आहे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या माणसाचे चालणे थांबते त्याची मजुरी थांबते, बाजारहाट थांबतो, शिधावाटप दुकानाच्या रांगेत उभे राहणे थांबते आणि शौचासाठीसुद्धा त्याला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. स्वातंत्र्य या शब्दाचा वृद्ध माणसाच्या जीवनातील पहिला अर्थ स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडता येणे हाच आहे.

वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या पायाची नखे कापणे किती अवघड जाते, याची कल्पना तरुणांना सहसा नसते. कंबर वाकत नाही, गुडघा दुमडत नाही, दृष्टी अधू झालेली असते, हाताला कंप असतो. नखे जाड व टणक होतात, साध्या नेलकटरच्या पात्यात ती मावत नाहीत. वाढलेले नख शेजारच्या बोटात रुततें किंवा बाजूच्या मांसात शिरून नखुरडे होते. भोवरीमुळे पाऊल तिरपे टाकले जाते, तिरपे पाऊल पडले की तोल जातो आणि तोल गेला की खुब्याचे हाड मोडते. ही कार्यकारणांची साखळी काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियात पायदुखी असलेल्या ३०५ वृद्धांवर करण्यात आलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना नियमित पादोपचार, योग्य पादत्राणे आणि पावलांचे व्यायाम असे एकत्रित साहाय्य मिळाले त्यांच्या पडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी आढळले. खुब्याच्या शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या अंथरुणावरील महिन्यांचा खर्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्नाचा आवाका किती मोठा आहे, हेही पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होती. ती त्यानंतर बरीच वाढली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख एवढी अंदाजली. कुष्ठरोगाच्या बाबतीत, दर दहा हजारी एकापेक्षा कमी रुग्ण या निकषावर, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे देशाने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. तथापि जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतातच आढळतात, आणि औषधाने जंतुमुक्त झालेल्या पण पायाची संवेदना कायमची गमावलेल्या माणसांची गणना तर त्या वार्षिक आकड्यांत होतच नाही. त्यांचा रोग संपला असला तरी त्यांचा बधिर तळवा त्यांच्यासोबत मरेपर्यंत असतो.

बधिर तळवा ही या विषयातील मध्यवर्ती गोष्ट आहे आणि ती समजावून देण्याचे श्रेय भारतात झालेल्या कामाला जाते. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्याची बोटे रोगामुळे आपोआप सडून झडतात, असा त्या काळी सर्वत्र समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळजीपूर्वक निरीक्षण करून दाखवले की बोटे झडण्याचे कारण वेदनेचा अभाव हे आहे. खिळा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. आणि जखम झाल्यावरही माणूस त्याच पायावर भार देऊन चालत राहतो. यातून उपाय निघाला तो महागड्या औषधाचा नव्हता. रोज पाय पाहणे, धुणे, तेल लावणे, घट्टा खरवडणे, जखमेला विश्रांती देणे आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेली वहाण वापरणे, असा तो साधा उपाय होता. दीर्घकाळच्या मधुमेहातही पायांच्या नसा अशाच बधिर होतात, आणि कुष्ठरोग्यांच्या पायांकडून शिकलेले शास्त्र पुढे मधुमेहींच्या पायांसाठी जगभर उपयोगी पडले. ज्या देशात या शास्त्राचा पाया घातला गेला त्याच देशातील प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेही रुग्णाला चप्पल काढून पाय दाखवायला सहसा कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मधुमेही माणसाच्या पायाला आयुष्यात केव्हातरी जखम होण्याचा संभव १९ ते ३४ टक्के इतका असतो, असे २०१७ साली एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात म्हटले आहे. भरून आलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षाच्या आत पुन्हा होतात. मधुमेहामुळे ज्यांचे पाय कापावे लागतात त्यांतील सुमारे ८५ टक्के लोकांच्या पायाला आधी अशी जखम झालेली असते. जखम टाळली किंवा वेळीच भरून आणली, तर यांतील बहुसंख्य पाय वाचू शकतात. युरोपातील आरोग्य खात्यांच्या आणि रुग्णसंघटनांच्या प्रतिनिधींनी १९८९ साली इटलीत सेंट व्हिन्सेंट येथे एकत्र येऊन मधुमेहामुळे होणारी अंगच्छेदने पाच वर्षांत निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट घोषित केले, ते याच भरवशावर. उद्दिष्ट सर्वत्र पुरे झाले असे नाही. परंतु पाय कापावा लागणे हे नशीब नसून बऱ्याच अंशी सेवेच्या अभावाचा परिणाम आहे, ही गोष्ट तेथे सरकारी पातळीवर मान्य झाली.

येथे अर्थशास्त्राचा एक मूलभूत मुद्दा उपस्थित होतो. बाजारव्यवस्थेचे पुरस्कर्ते सांगतात की एखाद्या सेवेची गरज असेल तर मागणी निर्माण होईल, आणि मागणी निर्माण झाली की पुरवठा होईल. पायांच्या बाबतीत हे तर्कशास्त्र पहिल्याच पायरीवर कोसळते. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेते ती वेदना. ज्याच्या पायाची वेदनाच नाहीशी झाली आहे तो मागणी कशी करणार? जखम जितकी धोक्याची तितकी ती मुकी असते. शिवाय जो वृद्ध आहे, निर्धन आहे, एकटा आहे त्याच्या गरजेपाठी क्रयशक्ती नसते. आणि क्रयशक्तीवाचून असलेली गरज बाजाराच्या हिशोबात धरली जात नाही. मोठ्या शहरांतील खाजगी रुग्णालयांत मधुमेही पायांचे सुसज्ज विभाग आहेत आणि सौंदर्यप्रसाधनगृहांत पायांची निगा राखण्याची सोयही आहे. म्हणजे ज्यांचे पाय मोटारीत असतात त्यांच्यासाठी पुरवठा आहे. भाताच्या खाचरात उभे राहून चिखल्यांनी बोटे कुजलेली कोकणातील म्हातारी, किंवा आयुष्यभर पोती वाहून पाय फताडे झालेला बाजारातील निवृत्त हमाल, यांच्यापर्यंत तो पोचत नाही. गरज सर्वाधिक आणि मागणी सर्वांत कमी, अशी जेथे स्थिती असते तेथे सार्वजनिक तरतुदीला पर्याय नसतो.

सरकार काहीच खर्च करीत नाही असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीला सोडून होईल. प्रश्न आहे तो खर्चाच्या दिशेचा. २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता दिलेले तिचे पाच लाखांचे संरक्षण, राज्यातील महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना, या सर्वांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. चिघळलेला पाय घेऊन आलेला रुग्ण दाखल होतो आणि त्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयास मिळतात. तोच रुग्ण दोन वर्षे आधी, चालत येऊन, घट्टा खरवडून आणि पायाची तपासणी करून घेऊन घरी गेला असता, तर त्या कामासाठी या योजनांतून कोणालाही काही मिळाले नसते. पाय कापण्याचा दर ठरलेला आहे आणि पाय वाचवण्याचा दर ठरलेला नाही, अशी ही आर्थिक रचना आहे. डॉक्टरांच्या सद्भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जेथे पैसा ज्या कामाला जोडलेला असतो तेथे तेच काम अधिक होते, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये केंद्र व राज्ये मिळून आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के भार लोक स्वतःच्या खिशातून उचलत होते. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे आश्वासन दिले होते. अपुऱ्या निधीचा मोठा भाग दुखण्याच्या शेवटच्या टोकावर वेचला गेला, की पहिल्या टोकासाठी काही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा की, म्हाताऱ्या माणसाचे पाय पाहणे हे कुटुंबाचे काम आहे. ते सरकारवर सोपवणे म्हणजे आपली संस्कृती सोडणे होय. या आक्षेपाचा इतिहास तपासून पाहिला पाहिजे. जुन्या गावगाड्यात नखे काढणे हे काम मुख्यतः न्हाव्याचे होते. तो नराणी घेऊन घरोघर जात असे आणि त्याबद्दल त्याला सुगीला बलुते मिळत असे. म्हणजे ती सेवा तेव्हाही निव्वळ घरगुती नव्हती, एका अर्थी ती गावाने केलेली तरतूदच होती. पण ती तरतूद जातीच्या उतरंडीवर उभी होती. सेवा देणाऱ्याला ते काम जन्माने लादलेले होते, त्याचा मोबदला दात्याच्या मर्जीवर होता, आणि अस्पृश्य मानलेल्यांना न्हाव्याची सेवा मिळत नव्हती. बलुतेदारी मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तिच्या जागी नागरिकत्वाच्या हक्कावर आधारलेली कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे.

कुटुंबाचे म्हणाल, तर कुटुंबात हे काम कोण करते? बहुधा सून, मुलगी किंवा वृद्ध पत्नी. तिच्या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही म्हणून ते फुकट आहे असे समजले जाते. शिवाय प्रेम असले म्हणजे कौशल्य येते असे नाही. मधुमेही माणसाचे रुतलेले नख घरच्या ब्लेडने कापताना झालेली बारीकशी जखमदेखील पुढे पाय जाण्याचे निमित्त ठरू शकते. भोवरीवर लावायच्या आम्लयुक्त पट्ट्यांनी बधिर त्वचा भाजते. आणि ज्यांना कुटुंबच नाही त्यांचे काय? मुले मुंबई-पुण्यास गेल्यामुळे गावी एकटे उरलेले आईबाप, ऊसतोडीच्या हंगामात मागे राहिलेले म्हातारे, परित्यक्ता, फुटपाथवर झोपणारे, वृद्धाश्रमांत व कुष्ठवसाहतींत राहणारे, यांच्या पायांकडे पाहणारे घरचे माणूस कोठून आणावयाचे? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा मुलांना त्यांच्या कर्तव्याची आठवण देतो हे योग्यच आहे. परंतु त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने ज्येष्ठांच्या वैद्यकीय साहाय्याबाबत सरकारवरही कर्तव्ये टाकली आहेत, याचा विसर पडू देता कामा नये.

दुसरा मार्ग सुचवला जातो तो सेवाभावी संस्थांचा. महाराष्ट्राची या क्षेत्रातील परंपरा उज्ज्वल आहे. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची स्वहस्ते शुश्रूषा केली. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे केंद्र सुरू केले. बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. आषाढी वारीत दरवर्षी अनेक मंडळे वारकऱ्यांचे पाय चेपतात, फोडांवर मलमपट्टी करतात आणि चर्मकार बांधव तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देतात. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या कृत्रिम पायाने लाखो लोकांना पुन्हा उभे केले. या सर्वांबद्दल समाजाने कृतज्ञ असावे. पण सेवाभाव जेथे पोचतो तेथे पोचतो. तो प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक महिन्यात, प्रत्येक गरजवंतापर्यंत पोचेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. वारी वर्षातून एकदा येते, आणि बधिर पायाला वर्षभर पाहावे लागते. दानाने मिळालेल्या सेवेबद्दल माणूस आभार मानू शकतो, तिच्यातील उणिवेबद्दल जाब विचारू शकत नाही. हक्काचे आणि उपकाराचे अंतर ते हेच.

वस्तूंच्या वाटपाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०१७ पासूनच्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना शिबिरे भरवून काठ्या, चष्मे, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या दिल्या जातात. राज्याने २०२४ साली पासष्ट वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची योजना जाहीर केली. ही मदत नाकारण्यासारखी नाही. पण वस्तू एकदा दिली की छायाचित्र निघते व काम संपते. सेवा मात्र दर दोन-तीन महिन्यांनी द्यावी लागते, तिला माणूस लागतो, पगार लागतो, जागा लागते. म्हणूनच राजकारणाला वाटप सोयीचे आणि सेवा गैरसोयीची वाटते. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये हातात पडणाऱ्या वृद्धेने त्यातून अन्न, औषध, वीजबिल भागवून पायांच्या उपचारासाठी तालुक्याला जाण्याचे भाडे काढावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

परदेशचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा पायांची देखभाल तिच्यात नीट समाविष्ट नव्हती. बराचसा भार स्वयंसेवी मंडळांवर होता. १९५९ पासून स्थानिक संस्थांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि वृद्ध, अपंग व गर्भवती स्त्रिया यांना अग्रक्रम ठरवण्यात आला. १९७४ च्या पुनर्रचनेत ती आरोग्य सेवेत विलीन झाली. पादोपचार ही मान्यताप्राप्त विद्या झाली, तिचे शिक्षण व नोंदणी सुरू झाली. परंतु पुढे काटकसरीचे धोरण आले, आणि साधे नखे कापणे हे वैद्यकीय काम नव्हे असे म्हणून बहुतेक ठिकाणी ते सेवेतून वगळण्यात आले. आता अनेक गावांत वृद्धांना त्यासाठी धर्मादाय संस्थांकडे पैसे मोजून जावे लागते. अमेरिकेतील वृद्धांच्या मेडिकेअर विम्यातही काही गंभीर विकारांचा अपवाद सोडल्यास नित्याची पायांची देखभाल बसत नाही. तात्पर्य, ही सेवा कोठेही आपोआप मिळालेली नाही आणि एकदा मिळाली म्हणून कायम राहिलेली नाही. ती जिच्यासाठी असते ती माणसे मोर्चा काढू शकत नाहीत. काटकसरीची कात्री प्रथम त्यांच्यावर चालते, याचे कारण तेच आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा व मनुष्यबळाचा. तो गंभीर आहे, पण त्याचे उत्तर देता येते. पायाची प्राथमिक तपासणी करण्यास यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो की नाही हे पाहता येते. तोही नसेल तर दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना बोटाने हलका स्पर्श करावा, आणि सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी तो कळला नाही तर पाय धोक्यात आहे असे समजावे. इंग्लंडमधील इप्सविच येथे विकसित झालेली ही पद्धत २०११ पासून ज्ञात आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार धोका नसलेल्या मधुमेहीचे पाय वर्षातून एकदा पाहिले तरी पुरते. संवेदना गेलेल्याचे सहा ते बारा महिन्यांनी आणि पूर्वी जखम होऊन गेलेल्याचे एक ते तीन महिन्यांनी पाहावे लागतात. म्हणजे सर्वांना सर्वकाळ सेवा द्यावयाची नसून, ज्याला अधिक धोका त्याला अधिक सेवा असा क्रम लावता येतो. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. अब्बास यांच्या पुढाकाराने दोन्ही देशांत झालेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमाने डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना प्रशिक्षण आणि साधी हत्यारे देऊन हे काम गरीब देशांतही होऊ शकते, हे दाखवून दिले आहे.

चौकटही पूर्णपणे नव्याने उभारावी लागणार नाही. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी साप्ताहिक दवाखाना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट, या गोष्टी कागदावर आहेतच. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरतात त्यात हातापायांना मुंग्या येतात काय, तळव्याला वारंवार जखम होते काय, असे प्रश्न आहेत. प्रश्न विचारला जातो, उत्तर लिहिले जाते. पण होकारार्थी उत्तर आल्यावर त्या माणसाला पाठवायचे कोठे, याचे उत्तर व्यवस्थेपाशी नाही. कुष्ठरोग कार्यक्रमातील तंत्रज्ञांपाशी पायांच्या निगेचे जे ज्ञान आहे ते त्यांच्या निवृत्तीबरोबर नाहीसे होण्यापूर्वी मधुमेह व वृद्धसेवेकडे वळवले पाहिजे. कुष्ठमुक्तांना कार्यक्रमातून जी मऊ तळाची वहाण मिळते, तशीच वहाण बधिर पायाच्या मधुमेही गरिबाला का मिळू नये? रोगाचे नाव वेगळे म्हणून पायाची गरज वेगळी होत नाही. उलट कुष्ठरोग्याची म्हणून ओळखली जाणारी चप्पल सर्वांच्या पायांत आली, तर तिच्यावरील कलंकही पुसला जाईल.

त्या दृष्टीने काही ठोस मागण्या पुढे ठेवता येतील. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महानगरपालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस पायांच्या तपासणीसाठी व देखभालीसाठी राखून ठेवावा. साठ वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती, प्रत्येक मधुमेही आणि प्रत्येक कुष्ठमुक्त व्यक्ती यांचे पाय वर्षातून किमान एकदा विनामूल्य तपासले जावेत आणि तशी नोंद व्हावी. प्रत्येक तालुक्यास या कामाचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक पूर्णवेळ, कायम सेवेतील कर्मचारी असावा. वृद्धाश्रम, रात्र-निवारे आणि कुष्ठवसाहती यांना त्याने ठरावीक दिवशी भेट द्यावी. जिल्हा रुग्णालयात जखमेवर उपचार करणारा विभाग व पादत्राणांची कार्यशाळा असावी. या कार्यशाळांत पिढ्यान्‌पिढ्या कातडीकाम करणाऱ्या कारागिरांबरोबरच इच्छुक कोणत्याही तरुणाला प्रशिक्षण द्यावे आणि कुशल तंत्रज्ञाचे वेतन द्यावे. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिल्ह्यात मधुमेहामुळे वा कुष्ठरोगामुळे झालेल्या प्रत्येक अंगच्छेदनाची चौकशी व्हावी, जशी मातामृत्यूची होते. तो पाय पूर्वी कोणी पाहिला होता, कधी पाहिला होता आणि पाहिला नसल्यास का पाहिला नाही, हे त्या चौकशीत नमूद झाले पाहिजे.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. हे नवे काम आशा स्वयंसेविकांच्या डोक्यावर आणखी एक बोजा म्हणून टाकले जाऊ नये. मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर नवनव्या योजना उभ्या करण्याची जी प्रथा पडली आहे ती थांबली पाहिजे. काम वाढले तर वेतन वाढले पाहिजे. दुसरी सावधगिरी जातीसंबंधीची. पायाला हात लावणे हे आपल्या समाजाने हलके काम मानले आहे. या सेवेतील नेमणुका जर नकळत त्याच जुन्या जातींतून होऊ लागल्या आणि वरची पदे इतरांकडे गेली, तर बलुतेदारीच सरकारी गणवेशात परत आली असे होईल. शिक्षण, पदनाम, वेतनश्रेणी आणि बढतीचा मार्ग स्पष्ट असेल तरच या कामाला प्रतिष्ठा येईल.

पैशांच्या बाबतीत स्थानिक स्वराज्य संस्थांनाही पुढाकार घेता येईल. स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन त्यांच्यावर आहे, आणि २०१६ च्या कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींचा दिव्यांगांत समावेश केलेला आहे. हा निधी अखर्चित राहिल्याच्या तक्रारी वारंवार कानावर येतात. ग्रामसभेत आणि महापालिकेच्या प्रभाग समितीत याबद्दल प्रश्न विचारण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. निवृत्तिवेतनधारकांच्या संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, हमाल व असंघटित कामगारांच्या संघटना, आशा व परिचारिकांच्या संघटना यांनी ही मागणी एकत्रितपणे उचलली, तर ती दुर्लक्षिणे सरकारला सोपे जाणार नाही. ज्यांना स्वतः मोर्च्यात चालता येत नाही त्यांच्या वतीने चालणे हे चळवळीचे कामच आहे.

पूल, रस्ते, मेट्रो यांच्या खर्चाच्या तुलनेत येथे मागितलेली रक्कम फारच लहान आहे. हजारो कोटींचे रस्ते बांधणाऱ्या राज्याने त्या रस्त्यांवरून चालू न शकणाऱ्या नागरिकाचाही हिशोब मांडला पाहिजे. येत्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याच्या मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा विरोधी व सत्ताधारी दोन्ही बाकांवरील लोकप्रतिनिधींनी एकच साधा प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी या राज्यात सरकारी पैशाने किती पाय कापले गेले, आणि त्यांपैकी किती पाय त्यापूर्वीच्या वर्षात सरकारी दवाखान्यात एकदा तरी तपासले गेले होते? या दोन आकड्यांतील अंतर जितके मोठे असेल, तितके राज्याचे काम अपुरे राहिले आहे असे समजावे.